एक जूनची रांग

एक जून उजाडला की माझा मोबाईल सकाळी सहापासूनच टिंगटिंग करायला लागतो. केक, फुगे, जोडलेले हात, गुलाबाचं फूल. आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोनशेच्या आसपास माणसं आहेत आणि त्यातल्या दीडशे जणांचा वाढदिवस एकाच दिवशी. सगळे सगळ्यांना शुभेच्छा देतात, सगळे सगळ्यांचे आभार मानतात आणि दहा वाजेपर्यंत माझी बॅटरी खल्लास. मी कुणालाच काही पाठवत नाही. राग येतो मला. अरे, एवढी आठवण येऊन राहिली तर गावाला या की. रोकडगाव काय दुबईत आहे का? अहमदपूरला उतरा, नांदेडकडची गाडी पकडा, पाऊण तासात तुम्ही आमच्या स्टँडवर.

पण येणार कसे? मे महिन्यात पोरांचा लातूरला क्रॅश कोर्स, जूनमध्ये नवी बॅच. आई पोरासोबत लातूरला खोली करून राहते, बाप शनिवारी डबा घेऊन जातो. सुट्टीत गावाला जायचं असतं हेच लोक विसरले. आणि गंमत अशी की लातूरच्या त्या क्लासांपैकी एक चांगला चालणारा क्लास आमच्याच श्रीमंतचा आहे. त्याला मी तोंडावर म्हणतो, आमचा दर एक जूनचा गावातला मेळावा तूच मोडलास. तो हसतो. त्याला हसायचा हक्क आहे, कारण मेळाव्याच्या आठवणीत राहण्यासारखा दिवस एकच, आणि तो त्याच्यामुळंच झाला.

मी खाजा. रोकडगावात माझं मंडपाचं दुकान आहे, वालिदांपासूनचं. लग्न असो, गणपती असो, उरूस असो नाहीतर पुढाऱ्याची सभा, कापड माझं आणि लाउडस्पीकरही माझाच. मेळाव्याचा मंडप पंधरा वर्षं मीच घातला, त्यामुळं कुठल्या साली कोण आलं आणि कोण कुणाशी बोललं नाही, हे मला विचारा.

आता हे एक जूनचं काय प्रकरण आहे ते बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. आमच्या वेळी जन्माचा दाखला कुणाकडं होता? पोराला शाळेत घालायला बाप आला की माणिकप्पा गुरुजी विचारायचे, पोरगं कधी झालं. बाप म्हणायचा, काळी म्हैस व्याली त्या साली. आई म्हणायची, तुरी काढायला आल्या होत्या बघा. गुरुजी सगळं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि रजिस्टरात लिहायचे एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, त्या दिवशी पोराला सहा पुरी पाहिजेत, विषय संपला. उरला प्रश्न सालाचा. त्याला गुरुजींकडं सरकारी गजापेक्षा पक्कं माप होतं. पोराला सरळ उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायला सांगायचा आणि डावा कान धरायला लावायचा. बोटं कानाला पुरली की पोरगं सहा वर्षांचं. न्हाई पुरली तर, जा घरी, पुढच्या साली ये.

मी सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये त्या रांगेत उभा होतो. माझी खरी सात झाली होती, त्यामुळं हात आरामात पुरत होता आणि मी उगाच कान ओढून दाखवत होतो. माझ्या पुढं तुळजामावशी होती. आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची, नवरा गेलेला, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. तिच्या पायाशी तिचा पोरगा, श्रीमंत. नाव श्रीमंत आणि अंगात सदरा तोही कुणाचा तरी. हात मात्र लांब होते त्याचे, गुडघ्याला लागतील असे. मावशी त्याच्या मागं उभी राहिली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, श्रीमंतनं हात डोक्यावरून नेला, गुरुजींनी बघितलं आणि लिहिलं. मग माझा नंबर आला. आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच तारखेचे, एकाच सालातले झालो. कागदावर.

पुढं गुरुजी हेडमास्तर झाले आणि नव्वद सालच्या एकतीस मेला रिटायर झाले. ते का एकतीस मेला? कारण त्यांचाही जन्म एक जूनचा. त्यांच्या गुरुजींनीही तेच केलेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पोरांनी शाळेच्या पटांगणात त्यांचा सत्कार ठेवला. सुट्टीचे दिवस, नोकरीवाले सगळे गावात आलेले. आमचा लिंबाजी, जो पोलिसात जमादार होता, त्यानं माईकवर सांगितलं की आज गुरुजींचा वाढदिवस. खालून एक जण ओरडला, माझाबी. दुसरा म्हणाला, माझाबी हाय. बघता बघता अर्धं पटांगण उभं. कंडक्टर, तलाठी, नर्सबाई, मास्तर, आडत्याकडचा मुनीम, सगळे एक जूनचे. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिथंच ठरलं की दर एक जूनला यायचं.

त्यातच एक रीत पडली. सकाळी शाळेची घंटा, मग प्रार्थना, मग रांग. गुरुजी टेबलाशी बसणार, समोर लाल पुठ्ठ्याची वही. एकेकानं पुढं यायचं, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. गुरुजी विचारणार, "पुरला का?" आपण म्हणायचं, "पुरला." गुरुजी विचारणार, "जन्मतारीख?" सगळ्या मंडपानं ओरडायचं, "एक जून!" मग गुरुजी वहीत नाव लिहिणार आणि केवळाबाई, म्हणजे आमच्या गुरुमाय, हातावर बुंदीचा लाडू ठेवणार. पोट सुटलेले सरकारी अधिकारी घाम पुसत कान धरायचे. लिंबाजीचा हात दंडाला इतका जाड की दर साली पुरतो का न्हाई यावर पैजा लागायच्या. नायगाव, कंधार, पार हैदराबादहून लोक त्या एका लाडवासाठी यायचे. त्यात मजा होती. तुम्हाला फोनवर कितीही फुगे पाठवले तरी ती येणार नाही.

श्रीमंत पहिल्या तीन मेळाव्यांना आला. कान धरायचा, लाडू खायचा, माझ्यासोबत कनात उतरवायला थांबायचा. तो लातूरला बी.एस्सी. करत होता. तुळजामावशी तोवर आमची गल्ली सोडून औशाकडं तिच्या भावाच्या गावी राहायला गेली होती. पोरगा लातूरला, तिथून ते गाव जवळ, म्हणून.

मग त्र्याण्णव. गणपतीचं विसर्जन झालं होतं, सकाळी मंडप उतरवायचे होते. पहाटे जमीन हलली. आमच्याकडं फळीवरची भांडी पडली, दोन भिंतींना तडे गेले, एवढंच. सकाळी रेडिओवर कळलं की औसा, किल्लारीकडं गावंच्या गावं बसली. मी गणपतीचं कापड, बांबू, ताडपत्र्या सगळं ट्रकात टाकलं आणि गेलो. बोलावलं नव्हतं कुणी, पण लोकांच्या डोक्यावर छप्पर पाहिजे हे मंडपवाल्याला कळत नाही तर कुणाला कळणार? श्रीमंत मला मामाच्या घराच्या ढिगावर सापडला. हातानं दगड काढत होता. तिसऱ्या दिवशी मावशी निघाली. तिच्यावर घालायला ताडपत्री मीच दिली.

मामा, मामी, त्यांची लेकरं, घरातलं कुणीच राहिलं नाही. श्रीमंतनं कॉलेज कसंबसं पुरं केलं आणि एका क्लासमध्ये गणित शिकवायला लागला. तेव्हा लातूरला गल्लोगल्ली क्लास निघून राहिले होते. मालक दुसरा, फळ्यापुढं हा. भूकंपग्रस्ताचा दाखला मागायला गेला तर त्याचं नाव रोकडगावच्या रेशन कार्डावर, घर पडलेलं मामाचं. दाखला नाही. मेळाव्याला यायचंही त्यानं बंद केलं.

शहाण्णव साली किनवटला वनरक्षकाची भरती निघाली. श्रीमंत धावण्यात पहिला, लेखीत पहिला. त्याला जंगलात राहायचंच होतं. मला म्हणाला होता, खाजा, तिथं दगडमातीची घरं न्हाईत, झाडं हायेत, झाड अंगावर पडलं तरी आवाज आधी येतो. पण पंधरा जूनला वय पंचवीसच्या आत पाहिजे अशी अट होती, आणि कागदावर एक जूनला त्याला पंचवीस पुरी होत होती. पंधरा दिवसांनी माणूस गेला. तिथल्या साहेबानं एवढंच सांगितलं की नोंद ज्या मास्तरनं लिहिली त्यानंच ती चुकीची होती असं लिहून दिलं तर विचार करू.

श्रीमंतनं गुरुजींना पत्र पाठवलं. मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी टेबल-खुर्च्यांचं विचारायला गुरुजींच्या घरी गेलो, तेव्हा ते पत्र त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी मला वाचायला दिलं. काय एकेक वाक्य होतं. तुम्ही आळसानं शंभर पोरांची वयं एका तारखेला बांधलीत. माझा हात लांब होता म्हणून मला वर्ष-दोन वर्षांनी म्हातारा केलंत. आता माझं खरं वय सांगणारी आई मातीत गेली. उद्या मी सगळ्यांसमोर येणार आहे, तुम्ही सगळ्यांसमोर लिहून द्या.

मला वाचतानाच संताप आला. मी म्हणालो, गुरुजी, मी त्या दिवशी रांगेत मागं होतो. त्याचा हात पुरला नव्हता. माझी नजर तेव्हा मावशीच्या कमरेएवढी, मला खालून सगळं दिसत होतं. मावशीनं हात डोक्यावर ठेवला नव्हता, डोकं दाबलं होतं. हात पुढं गेला न्हाई, कानच हातापाशी आला.

गुरुजी बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. शाळेत नाव घालायच्या चार दिवस आधी मावशी त्यांच्या घरी आली होती, पोराच्या भुवईला फडकं बांधून. खडीच्या कामावर ती श्रीमंतला झाडाखाली बसवायची. हातोड्याखालचा एक कपरा उडून त्याच्या भुवईला लागला. दोन बोटं खाली लागता तर डोळा गेला असता. पोराला कुठं ठेवावं ते तिला कळत नव्हतं. शाळेत पोरं दिवसभर सावलीत बसतात आणि दुपारी खायला सुकडी मिळते, हे तिनं ऐकलं होतं. गुरुजी म्हणाले होते, पोरगं पाचचंही नाही. तेव्हा ती म्हणाली होती, "गुरुजी, वय पोटापुरतं लिवा."

"मला सगळं दिसत होतं, खाज्या," गुरुजी म्हणाले. "दिसत होतं म्हणून लिहिलं."

मी म्हणालो, मग उद्या हे सांगा त्याला. गुरुजींनी मान हलवली. त्यांचं म्हणणं असं, की पोराला राग धरायला कुणीतरी लागतं. माझ्यावर धरला तर मी म्हातारा माणूस, माझं काय जायचं. आईवर धरला तर ती उत्तर द्यायला नाही, आणि त्याला एवढी एकच आई होती. उद्या तो म्हणेल तसं लिहून देणार, चूक माझी, मी नीट बघितलं नाही. मी म्हणालो, गुरुजी, चौकशी लागेल. ते म्हणाले, लागू दे. वर मला कसम घातली की या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. मी हाव म्हणालो. काय करणार, गुरुजी होते.

दुसऱ्या दिवशी मंडप भरलेला. घंटा झाली, प्रार्थना झाली, रांग लागली. लिंबाजीचा हात पुरला, पैजा हरणारे हरले. गुरुजी नेहमीसारखे विचारत होते, मंडप नेहमीसारखा ओरडत होता, फक्त मी अॅम्प्लिफायरपाशी बसून फाटकाकडं बघत होतो. अकराच्या गाडीनं श्रीमंत आला. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात कागद. रांगेत उभा राहिला नाही. सरळ स्टेजवर चढला आणि माईक घेतला.

"आज मला पंचवीस पुरी झाली," तो म्हणाला. "खरी किती झाली ते गुरुजींनी सांगावं."

पहिल्यांदा लोक हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. मग त्यानं पिशवीतून कागद काढून वाचायला सुरुवात केली आणि हसू विरत गेलं. किनवटची यादी, वयाची अट, पंधरा दिवस. वाचून झाल्यावर त्यानं कोरा कागद गुरुजींच्या पुढं ठेवला, वर पेन ठेवला आणि म्हणाला, नोंद चुकीची होती असं लिहा.

मंडपात जी कुजबूज सुरू झाली ती मी विसरणार नाही. सगळ्यांची नोकरी त्याच एका तारखेवर उभी. एकाची तारीख खोटी निघाली तर उद्या रजिस्टर उघडणार, मग कंडक्टरचं वय, नर्सबाईचं वय, जमादाराचं वय. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि हा गडी भर पटांगणात मूठ उघडून राहिला. लिंबाजी माझ्याकडं आला आणि कानात म्हणाला, वायर काढ. मी काढली नाही. मला वाटलं, गुरुजी आता तरी बोलतील.

गुरुजी उठले. माईक हातात घेतला. आवाज शांत होता, वर्गात असायचा तसाच. "श्रीमंत म्हणतो ते खरं आहे. नोंद चुकीची आहे. मी घाईत होतो, मी नीट बघितलं नाही. चूक माझी." मग ते खुर्चीवर बसले आणि लिहायला लागले.

खालून कुणीतरी म्हणालं, बघा, आणि आपण यांच्या पाया पडून राहिलो. दुसरा म्हणाला, एवढी वर्षं लाडू खाल्ले, आता चौकशी खा. केवळाबाई लाडवाचं पातेलं घेऊन तशाच उभ्या होत्या, कुणी हात पुढं करेना. ज्या माणसानं ह्यांना अ आ इ शिकवलं, त्याच्यावर ही माणसं तोंड वाकडं करून राहिली होती. मला सहन झालं नाही. कसम गेली चुलीत. मी वायर खेचली, माईक कुंई करून बंद पडला. स्टेजवर गेलो आणि श्रीमंतच्या दंडाला धरून त्याला खाली ओढलं. तो माझ्याहून वीतभर उंच, पण आला.

स्टेजच्या मागं पाण्याचे रांजण होते. तिथं त्याला उभा केला आणि सगळं सांगितलं. दाबलेलं डोकं, पुढं आलेला कान, चार दिवस आधीचं फडकं, सुकडी. तो म्हणाला, तू खोटं बोलतोस, गुरुजींनी तुला पढवलंय. मी म्हणालो, तुझ्या भुवईवर वण कशाचा हाय?

त्याचा हात आपोआप भुवईवर गेला. "आई म्हणायची, बैलगाडीवरून पडलास."

"खडीवर लागलं होतं. तिला ते तुला सांगायचं नसंल. गाडीवरून पडायला तुमच्याकडं बैलगाडी होती का रे?"

त्याच्या भाषेत सांगायचं तर गणित त्याला कळत होतं. मी राहिलेलं एक वाक्यही सांगून टाकलं, गुरुजींना ती काय म्हणाली होती ते. वय पोटापुरतं लिवा. श्रीमंत रांजणाच्या कडेला हात टेकून खाली बसला. रडला. अडीच वर्षं ढिगावर, दवाखान्यात, दाखल्याच्या रांगेत मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. मी त्याच्यावर पाणी टाकलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही, बाजूला उभा राहिलो. मला भीती होती की गुरुजी म्हणाले तेच होईल, हा आता आईवर चिडेल, आणि मी कसम मोडून माणसाची आई दुसऱ्यांदा मारली असं होईल.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, मग माझा जन्म कधीचा, ते ती बोलली होती का? मी म्हणालो, ते मला माहीत न्हाई, गुरुजींना माहीत असंल. तो उठला, तोंड धुतलं, सदऱ्याच्या बाहीला पुसलं आणि निघाला.

मंडप तसाच बसलेला होता. कुणी उठून गेलं नव्हतं, कारण शेवट काय होतो ते सगळ्यांना बघायचं होतं. गुरुजींचा कागद अर्धा लिहून झाला होता. श्रीमंत टेबलापाशी गेला आणि हळूच विचारलं. माईक बंद होता, पण मी जवळ होतो, मला ऐकू आलं. गुरुजींनी आधी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी," गुरुजी म्हणाले. "दुष्काळाच्या साली. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता, म्हणाली."

श्रीमंतनं मान हलवली. गुरुजींच्या हातातलं पेन काढून लाल वहीवर ठेवलं, अर्धा लिहिलेला कागद घेतला, त्याची चौघडी घातली आणि खिशात ठेवली. तो कागद किनवटला कधी गेला नाही. मग तो दोन पावलं मागं सरकला, टेबलासमोर सरळ उभा राहिला आणि उजवा हात डोक्यावरून पलीकडं नेला. डोकं जरासुद्धा वाकवलं नाही. बोटं कानाला पुरली आणि कानाच्या खालीही आली.

गुरुजींना विचारवेना. श्रीमंतच बोलला.

"पुरला, गुरुजी."

"जन्मतारीख?" गुरुजी कसंबसं म्हणाले.

मंडप ओरडला नाही. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

"एक जून," श्रीमंत म्हणाला. "आईनं लिहून घेतलेली."

गुरुजींनी लाल वहीत त्याचं नाव लिहिलं, केवळाबाईंनी त्याच्या हातावर लाडू ठेवला, आणि मी मागं जाऊन माईकची वायर जोडली.